नारोपंत वकील आणि माशांची भाऊबंदकी

माजलगावात मासे खाणारी घरं होती, न खाणारीही होती. पण मासे न खाता माशांचे काटे तेवढे मागून नेणारा माणूस एकच होता. नारोपंत वकील.

कचेरी सुटली की ते सरळ घरी येत नसत. अंगात काळी शेरवानी, डोक्याला रुमाल, काखेत दाव्यांच्या कागदांचं, मिसलींचं बासन, अशा थाटात ते सिंदफणा नदीच्या काठाकाठानं भोयांच्या खोपटांकडं वळत. तिथं कुणी जेवत असलं की अंतर राखून उकिडवे बसत आणि अदबीनं म्हणत, "जेवा, सावकाश जेवा. फक्त डोक्याची हाडं चावू नका. मला लागतात."

पहिल्यांदा लोक बिचकले. वकील माणूस, त्यात ब्राह्मण, आणि उष्टे काटे मागतो म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. राही भोईण मात्र बिचकणाऱ्यातली नव्हती. डोईवर माशांची पाटी घेऊन बाजारात चार गावच्या गिऱ्हाइकांशी भांडणारी बाई ती. तिनं सरळ विचारलं, "आप्पा, कावून पायजेत तुमाला काटे? कुनावर करनीबिरनी करायची हाय का?"

"करणी नाही गं बाई. या माशाचे सगेसोयरे कोण, ते शोधायचंय."

राहीनं हातातला भाकरीचा तुकडा नदीकडं केला. "ते काय, तितं पान्यात हायेत की समदे. जा, इचारा."

"विचारलं असतं," वकील म्हणाले, "पण जिवंत असेपर्यंत नात्याबद्दल कुणी खरं बोलत नाही."

हे वाक्य त्यांनी अनुभवानं मिळवलेलं होतं. मी त्याच कचेरीत पेशकार होतो. मुन्सफसाहेबांपुढं मिसली मांडायच्या, साक्षी-पुरावे लिहून घ्यायचे हे माझं काम. घरही वकिलांच्या घराला लागून, मध्ये एक मातीची भिंत तेवढी. त्यामुळं दिवसा त्यांची जिरह, म्हणजे साक्षीदारांची उलटतपासणी, आणि घरी आल्यावर त्यांच्या चुलीवरचा वास, दोन्ही मी जवळून अनुभवत होतो.

आमच्याकडं येणारे दावे बहुतेक वारशाचे. अमका अमक्याचा औरस मुलगा की नव्हे, पाटीलकी थोरल्या घराची की धाकट्या. साक्षीदार छातीठोकपणे सांगायचे की पोराचं नाक हुबेहूब मयताच्या नाकासारखं आहे. नारोपंत अशा साक्षीदाराला जवळ बोलवायचे, त्याचा चेहरा डावीकडून, उजवीकडून निरखायचे आणि म्हणायचे, "तुमचं नाक मुन्सफसाहेबांसारखं दिसतंय. हैदराबादेत त्यांच्या वाड्यात हिस्सा मागायचा का आपण?" साक्षीदार गडबडायचा. मुन्सफसाहेब रुमालाआड हसायचे आणि मग गंभीर होऊन मला सांगायचे, "पेशकार, ये मत लिखिए."

तरुणपणी नारोपंत हैदराबादेत डॉक्टरी शिकायला गेले होते. मध्येच वडील वारले, घर अंगावर पडलं, तेव्हा ते शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांनी वकिलीची सनद घेतली. मुडदे फाडायला शिकलेला माणूस आता साक्षीदार फाडतो, असं कचेरीत चेष्टेनं म्हणत. त्या दिवसांची एकच गोष्ट त्यांच्याजवळ उरली होती. जुन्या बाजारातून घेतलेला माशांवरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ. त्याचा मागचा अर्धा भाग वाळवीनं खाल्लेला. "नेमका निकाल खाल्लाय," ते हळहळत. "नुसते मुद्दे ठेवलेत."

उरलेल्या अर्ध्यात एक मुद्दा असा होता की शिंगाडा आणि रोहू हे एका मूळपुरुषाचे वंशज. वकिलांना ते पटेना. शिंगाडा म्हणजे अंगावर खवला नाही, तोंडाला मिशा, पंखात काटा. रोहू म्हणजे खवल्यांचा अंगरखा घातलेला, बिनमिशीचा सभ्य गृहस्थ. यांची भाऊबंदकी कशी असेल? पण ग्रंथकार म्हणत होता की आहे, आणि पुरावा हाडांत आहे. दस्तऐवज कितीही भारी असला तरी गवाह तपासल्याशिवाय मानायचा नाही, ही वकिलांची रीत. म्हणून त्यांनी सिंदफणेतले आणि तिकडं गंगेतले, म्हणजे गोदावरीतले, मासे एकेक करून साक्षीला बोलवायला सुरुवात केली.

कचेरीला आठवड्याची सुट्टी शुक्रवारची असे; अशाच एका शुक्रवारची गोष्ट. मी भिंतीवरून डोकावून म्हटलं, "वकीलसाहेब, आज काय शिजतंय?"

"या की इकडं. बघायला मनाई थोडीच आहे."

मागच्या अंगणात त्यांचा गोठा होता. गाई केव्हाच विकल्या होत्या. गव्हाणीवर फळ्या टाकून त्यांवर माशांचे सांगाडे मांडले होते. लहानमोठे, पांढरेशुभ्र, सुतानं बांधलेले. कोपऱ्यात तीन दगडांच्या चुलीवर मडकं रटरटत होतं. दारातल्या उजेडाकडं तोंड करून त्यांची मुलगी गोदी बसली होती. तिच्या पुढ्यात एक कच्चा मासा आणि हातात साळिंदराचा काटा. मी आलेलं तिला कळलं नाही. ती पूर्ण बहिरी होती.

"आधी कच्चा बघायचा," वकील मला सांगू लागले. "गालावरची कातडी काढायची. खाली जबडा आवळणारा स्नायू असतो. त्याचे पदर किती, तो कोणत्या हाडाला धरून आहे, ते टिपून घ्यायचं. एकदा शिजवला की ही साक्ष गेली. मग हाडांची पाळी. मडक्यात घालून मांस सुटू द्यायचं."

"आणि सुटलेल्या मांसाचं काय?"

"राही नेते."

राहीचा यावरचा अभिप्राय मला नंतर तिच्याच तोंडून ऐकायला मिळाला. "वकील शिजिवतो, आमी खातो," ती म्हणाली. "मीठ घालत न्हाई, एवढीच काय ती खोट."

वकिलांनी मला शिंगाड्याच्या सांगाड्यापुढं बसवलं. डोक्याच्या मागं, जिथं मणक्यांची माळ सुरू होते, तिथं काडीनं दाखवत म्हणाले, "इथं बघा. नीट बघा."

मला आधी काही दिसेना. मग मणक्याच्या कडेला तांदळाच्या कण्यांसारखी हाडं दिसली. एकापुढं एक अशी जोडलेली.

"माशाच्या पोटात हवेची पिशवी असते," ते म्हणाले. "पाण्यातला आवाज त्या पिशवीवर आदळतो. तिथून या कण्यांवरून तो कानात जातो. माशाचा कान बाहेरून दिसत नाही म्हणून तो ऐकत नाही असं समजू नका. आता हा रोहू बघा."

रोहूच्याही मानेत त्याच कण्या होत्या.

"आणि ही मुरी." मुरी म्हणजे वाळूत लपणारी बोटभर मासळी. ती बघायला त्यांनी मला भिंग दिलं. तिच्यातही त्याच कण्या. "आता मरळ बघा. आहेत का? नाहीत. वाम बघा. नाहीत. म्हणजे मिशीवाला, खवलेवाला आणि ही बोटभर, हे तिघं एका घरचे. मरळ आणि वाम, दोन्ही परके. कातडीवर कुणी जाऊ नये, पेशकार. हाडाला विचारावं."

हे सगळं ऐकून मी हसून घरी आलो खरा, पण माझी शांतता त्या दिवसापासून गेली. कुणाच्या मुंजीत पंगतीला बसलो की मी समोरच्याचा जबडा बघत राहायचो. आमच्या मावसभावाची मान आणि आमच्या धाकट्या आत्याची मान एकाच तऱ्हेनं पुढं आलेली आहे, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. आमच्या घरातून एकदा विचारणा झाली, "असं टक लावून काय बघताय माझ्याकडं?" मी खरं ते सांगितलं. दोन दिवस भाजीला मीठ जास्त होतं.

गोदीबद्दल मात्र मी कधी विचारत नसे. गावाला जेवढं ठाऊक होतं तेवढं मलाही होतं. तिला नांदूरघाटच्या एका बऱ्या घरी दिली होती. तिथं तिला मोठा ताप आला. महिनाभर अंथरुणाला खिळली. उठली ती कान गमावून. सासरच्यांनी काही काळ वाट बघितली, मग दुसरी सून आणली. वकील बैलगाडी घेऊन गेले आणि मुलीला घेऊन आले. दुसऱ्याच्या वारशासाठी रक्त आटवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या जावयावर मात्र साधा अर्जही केला नाही. आई नव्हती. आल्यावर गोदी माजघराच्या कोपऱ्यात बसून राहायची. आधी मोठमोठ्यानं बोलायची, स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं. पाणवठ्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ते तिनं बघितलं आणि बोलणंच सोडलं.

इतके दिवस गावानं वकिलांचा छंद चालवून घेतला होता. पण उन्हाळ्यात वारा फिरला. त्यांच्या गोठ्यावरून येणारा वास थेट आमच्या आळीत शिरू लागला. कुणाच्या तरी श्राद्धाच्या दिवशी ऐन पानं वाढताना तो आला आणि भटजी अर्ध्या आपोष्णीवर थांबले. आळीतली मंडळी देवळात जमली. मीही गेलो. शेजारी म्हणून जाणं भाग होतं.

अध्यक्षस्थानी गावचे शास्त्रीबुवा होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना वाद आवडायचा आणि हरणं आवडायचं नाही. त्या दिवशी त्यांच्यापुढं नेमका तसाच माणूस उभा होता.

"नारोपंत, ब्राह्मणाच्या घरात मासे शिजतात. हे खरं की खोटं?"

"घरात नाही, गोठ्यात. आणि शिजतात, पण खाल्ले जात नाहीत."

"मग शिजवता कशाला?"

"वाचायला."

सभेत कुजबुज झाली. शास्त्रीबुवांनी आवाज चढवला. "मत्स्य हा भगवंताचा पहिला अवतार. त्याला तुम्ही मडक्यात घालता?"

वकील पुढं सरसावले. मला वाटलं, आता संपलं. "शास्त्रीबुवा, बरी आठवण केलीत. प्रलयात मनूनं नौका कशाला बांधली?"

"मत्स्याच्या शिंगाला."

"शिंगाला. म्हणजे मत्स्य शिंगवाला होता. आपल्याकडं शिंगावरून नाव पडलेला मासा एकच, शिंगाडा. त्याच्या पाठीवरचा काटा चांगला मजबूत असतो, नौकाही बांधता येईल. पण शिंगाड्याला खवले नसतात. आणि आपल्या या देवळाच्या भिंतीवर चितारलेल्या मत्स्याला तर खवले आहेत." त्यांनी भिंतीकडं हात केला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. "तेव्हा एकतर पोथी चुकली, नाहीतर चितारी चुकला. मला वाटतं, चितारी चुकला."

मागं कुणीतरी खुसखुसलं. शास्त्रीबुवा लालबुंद झाले. पण सभा होती आणि सभेला निवाडा द्यायचा होता. त्यांनी सांगितलं की वकिलांनी प्रायश्चित्त घ्यावं, पंचगव्य प्यावं आणि हा उद्योग आजपासून बंद करावा. नाहीतर आळी त्यांच्याशी अन्नपाण्याचा संबंध ठेवणार नाही.

वकील शांतपणे म्हणाले, "पंचगव्य म्हणाल तेवढं पितो. मिशा काढा म्हणालात तर काढतो. वास येऊ नये म्हणून मडकं नदीकाठी हलवतो. पण बंद करणार नाही."

"कारण काय?"

कचेरीत कधी शब्दाला न अडखळणारा तो माणूस जोड्यांकडं वळला. वळता वळता म्हणाला, "कारण नाही." पायात जोडे घालून निघून गेला.

वाळीत टाकलं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. त्यांच्या घरी भटजी येईना. हळदीकुंकवाला गोदीला बोलावणं नाही. स्वयंपाकाला येणारी बाई यायची थांबली. वकील स्वतः पोळ्या करू लागले. त्या पोळ्यांचे आकार मी भिंतीवरून पाहिले आहेत, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. राही आपली मधूनमधून गवार, वांगी आणून ओट्यावर ठेवायची. "मासं चालतेत तर भाजी कावून न्हाई चालायची," असं तिचं म्हणणं. मी माझ्या परीनं भिंतीवरून ताक, लोणचं पोचवत होतो. आमच्या घरातून ते वाडग्यात भरून मिळायचं, पण देताना तोंड दुसरीकडं असायचं, म्हणजे दिल्याचं पाप लागू नये.

एकदा ताकाचा तांब्या देताना मला राहवलं नाही. "वकीलसाहेब, एवढं हट्टाला पेटण्यासारखं त्यात काय आहे? माशांची भाऊबंदकी नाही लागली तर कुणाचं अडलंय?"

त्यांनी तांब्या भिंतीवर ठेवला.

"अहिर ठाऊक आहे ना तुम्हाला? सापासारखा लांब, चिकट मासा. वामही तशीच. नदीवरची माणसं दोघांना भाऊ म्हणतात. मीही म्हटलं. वामेच्या पाठीवर काट्यांची रांग आहे, अहिराच्या नाही, पण एका घरात एक भाऊ तिखट असतोच. मी दोघांना एका फळीवर मांडलं. गोदी तेव्हा नुसती दाराशी येऊन बसायची. काही करायची नाही. मी आपला तिला दिसेल असं काम करायचो. हातवारे करून दाखवायचो. म्हटलं, हाडं बघायला कान कुठं लागतात."

बोलता बोलता ते भिंतीला रेलले.

"त्या दिवशी ती उठली. फळीपाशी आली. अहिराचं डोकं हातात घेतलं, वामेचं घेतलं. बराच वेळ बघितलं. मग वाम उचलून दुसऱ्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, 'नाही, बाबा.' तोंडानं म्हणाली. पाणवठ्यावर बायका हसल्या त्या दिवसापासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता. मी तिला हातानं विचारलं, का नाही? तिनं मला अहिराचा वरचा जबडा दाखवला. त्याचं पुढचं हाड कवटीला चिकटून एक झालेलं असतं. वामेचं सुटं आहे. माझ्या नजरेतून सुटलं होतं ते." वकिलांनी रुमाल काढून पुन्हा बांधला. "पेशकार, मी पुष्कळ दावे जिंकलो. असा हरलो कधी नव्हतो."

"हे तुम्ही सभेत का नाही सांगितलं? सगळे विरघळले असते."

"विरघळले असते," ते म्हणाले. "मग येताजाता तिच्याकडं बिचारी म्हणून बघितलं असतं. त्यापेक्षा माझ्याकडं वेडा म्हणून बघू द्या."

पुढं बहिष्काराचं काय झालं म्हणाल, तर तो कुणी उठवला नाही. तो आपोआप विरला. शास्त्रीबुवांच्या चुलतभावानं त्यांच्या इनामाच्या जमिनीवर दावा लावला आणि शास्त्रीबुवांना वकील हवा झाला. तालुक्यात वारशाच्या दाव्याला नारोपंतांच्या तोडीचा वकील नव्हता. पुढच्या दारानं यावं तर आळी बघणार, म्हणून ते मागच्या दारानं आले. मागचं दार गोठ्यातून होतं. उपरण्यानं नाक दाबून शास्त्रीबुवा मरळ, वाम आणि मुरी यांच्यामधून वाट काढत आत गेले, हे मी भिंतीवरून स्वतः पाहिलं. वकिलांनी त्यांचा दावा घेतला आणि जिंकून दिला. त्यानंतर भटजीही येऊ लागले आणि हळदीकुंकवाचं बोलावणंही. गोदी त्याला गेली नाही. तिला काम होतं.

वकिलांनी शब्द दिल्याप्रमाणं मडकं नदीकाठी हलवलं. सांगाडे मात्र गोठ्यातच राहिले. पुढं एकदा, पुन्हा एका शुक्रवारी, मी तिथं जाऊन बसलो होतो. चांगलं लख्ख ऊन दारातून आत आलं होतं. राहीनं गंगेवरून मोठ्या डोक्याचा एक कटला आणून दिला होता, त्याचा सांगाडा तयार झाला होता. कटला हा रोहूचा सख्खा म्हणावा असा भाऊबंद. हे सांगायला ग्रंथ नको, हाडं नकोत. भोयांचं शेंबडं पोरही सांगेल. एवढ्या दिवसांच्या शेजारानं मलाही ते ठाऊक झालं होतं.

वकिलांनी कटल्याचा सांगाडा दोन्ही हातांनी उचलला, गंभीर चेहऱ्यानं फळ्यांवरून नजर फिरवली आणि तो नेऊन मरळीच्या शेजारी ठेवला.

मी चमकलो. "अहो वकीलसाहेब, तो तर..."

त्यांनी माझ्याकडं न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. 

गोदीनं वर बघितलं. साळिंदराचा काटा खाली ठेवून ती उठली. कंबरेवर हात ठेवून बापापुढं उभी राहिली. आणि मग तिनं जे सुरू केलं ते आमच्या आळीत सगळ्यांना ऐकू गेलं असेल. "बाबा, तुमचं लक्ष कुठं असतं? ह्याच्या मानेतल्या कण्या बघा. ह्याच्या गळ्यातले दात बघा. मरळीला आहेत का असे दात? असं कसं करता तुम्ही?" तिचा आवाज चढत गेला, फुटका, वेडावाकडा, कुठं जोर द्यायचा ते विसरलेला. रस्त्यावरून जाणारा गाडीवान बैल थांबवून ऐकू लागला. आमच्या घरातूनही कुणीतरी भिंतीशी येऊन उभं राहिलं.

वकील तिला हळू बोल म्हणाले नाहीत. मान खाली घालून ते ऐकत होते. तिचं बोलणं संपत आलंसं वाटलं तेव्हा त्यांनी कटल्याचं डोकं पुन्हा हातात घेतलं, आपल्याला अजून नीट कळलं नाही असा चेहरा केला आणि ते तिच्यापुढं धरलं.